पेशी मुंबईत बनू द्या, विषाणू जळगावात मोजा

रावेर-यावलच्या पट्ट्यात कुणी ‘सीएमव्ही’ म्हटलं की केळी उत्पादकाच्या डोळ्यांपुढे पिवळ्या चट्ट्यांचं पान येतं. कुकुंबर मोझॅक व्हायरस, आपल्या बोलीतला हरण्या. त्यावर फवारून बरं होईल असं औषध नाही. मावा आवरायचा, बागेत सारखी फेरी मारायची आणि रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन पुरायचं. फेरी चुकली की पुढे कितीतरी झाडं उपटावी लागतात.

माणसाच्या रक्तातला सीएमव्ही निराळा. तो सायटोमेगॅलोव्हायरस. आद्याक्षरांपलीकडे या दोघांचं काही नातं नाही, पण फेरीचा नियम दोघांनाही लागू आहे. मूत्रपिंड, यकृत किंवा बोन मॅरोचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तातला विषाणू वेळेवर मोजला गेला नाही, तर पुढचा प्रत्येक उपाय महाग आणि अवघड होत जातो. अशा रुग्णांसाठी विषाणूविरोधी टी-पेशींचा, म्हणजे विषाणू ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, उपचार जगात काही ठिकाणी दिला जातो आणि तो महाराष्ट्रातही यावा अशी इच्छा अनेकांची आहे. माझीही आहे. पण तो कुठून सुरू करायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे. निरोगी दात्यांच्या अशा पेशी गोठवून साठवणारी बँक सरकारी पैशातून, राज्यात एकाच ठिकाणी व्हावी, आणि तिच्यासाठीचा पहिला रुपया जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये विषाणू मोजण्यावर खर्च व्हावा. क्रम उलटा झाला तर ती बँक मुंबई-पुण्यात घर असलेल्यांचीच राहील.

आधी हा आजार नेमका होतो कसा ते पाहू. भारतात दहापैकी नऊहून अधिक प्रौढांना सीएमव्हीचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लहानपणी तापासारखं काहीतरी येतं आणि जातं, विषाणू मात्र शरीरातच झोपून राहतो. ईबीव्ही, म्हणजे एपस्टाइन-बार, आणि मूत्रमार्गात दडणारा बीके यांचंही तसंच. त्यांना झोपवून ठेवण्याचं काम टी-पेशी करतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन दिलं जातं, आणि ही तिन्ही औषधं नेमक्या त्याच टी-पेशींना गप्प करतात. पहारेकरी गुंगीत गेले की विषाणू जागा होतो. सीएमव्ही आतडी, फुफ्फुस, डोळ्याचा पडदा गाठतो. बीके नव्या मूत्रपिंडालाच पोखरतो. ईबीव्हीमुळे बी-पेशींच्या गाठी होतात, त्या आजाराला पीटीएलडी म्हणतात.

सीएमव्हीला औषधं आहेत. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ४५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळतं. मूत्रपिंड चांगलं चालत असेल तर प्रतिबंधासाठी दिवसाला ९०० मिलिग्रॅम एकदा, उपचारासाठी ९०० मिलिग्रॅम दोनदा. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचं माप, ६०च्या खाली गेला की डोस निम्मा होतो, ४०च्या खाली आणखी कमी. चूक इथेच होते. मूत्रपिंड सुधारलं तरी कमी केलेला डोस कुणी परत वाढवत नाही. किंवा पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून गोळी बंद होते आणि पुन्हा कधी सुरू करायची हे रुग्णाला कुणी सांगत नाही. अर्धवट डोसात विषाणू वाढत राहिला की त्याच्या यूएल९७ जनुकात बदल होतात आणि औषध लागू पडेनासं होतं. मग फॉस्कार्नेट उरतं, ते मूत्रपिंडाला घातक. मॅरिबॅव्हिरला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, पण ते महाग आहे. ॲडेनोव्हायरस या आणखी एका विषाणूसाठी सिडोफोव्हिर वापरतात, तेही मूत्रपिंडावर जड. बीकेवर तर भरवशाचं औषधच नाही. मायकोफेनोलेट निम्मं करायचं, टॅक्रोलिमसची पातळी खाली आणायची आणि रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी जाग्या होण्याची वाट पाहायची. त्या वाटेत मूत्रपिंड नाकारलं जाण्याचा धोका असतो.

म्हणून टी-पेशींचा विचार पुढे आला. त्यामागची कल्पना सरळ आहे: ज्या पहारेकऱ्यांची कमतरता आहे ते दुसऱ्या निरोगी माणसाकडून आणायचे. सिएटलमध्ये १९९२ साली बोन मॅरो प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दात्याच्या सीएमव्हीविरोधी टी-पेशी वाढवून दिल्या गेल्या. ईबीव्हीसाठी तसं काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा एका रुग्णासाठी पेशी वाढवायला दोन-तीन महिने लागत आणि तोवर अनेकदा रुग्णच राहत नसे. आज दोन जलद वाटा आहेत.

पहिली वाट पेशी पकडण्याची. दात्याच्या रक्तातून यंत्रावर पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. त्यांना विषाणूच्या प्रथिनाचे छोटे तुकडे चार-एक तास दाखवतात. ज्या पेशी तो विषाणू ओळखतात त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडू लागतात. त्या इंटरफेरॉनला चिकटणारे चुंबकीय कण घालून नेमक्या तेवढ्याच पेशी ओढून घेतात. बंद यंत्रात हे काम साधारण एका दिवसात होतं. पेशी थोड्याच मिळतात, पण त्या शरीरात गेल्यावर वाढतात. दुसरी वाट वाढवण्याची. तेच तुकडे आणि सोबत आयएल-४ व आयएल-७ ही वाढद्रव्यं घालून, तळाशी हवा खेळणाऱ्या भांड्यात पेशी नऊ ते अकरा दिवस ठेवतात. यात एका दात्याकडून अनेक रुग्णांना पुरतील इतके डोस निघतात, ते गोठवता येतात आणि त्यातूनच बँक उभी राहते. नेहमीचा डोस दर चौरस मीटर शरीरपृष्ठाला एक ते दोन कोटी पेशींचा. १.६ चौरस मीटरच्या प्रौढाला वरच्या डोसात ३ कोटी २० लाख पेशी लागतात, आणि आकारमानानं ते काही मिलिलिटरच द्रव असतं.

या पेशींचं जनुक कुणी बदलत नाही. हा मुद्दा खर्चाशी थेट जोडलेला आहे. कर्करोगावरच्या कार-टी उपचारात पेशीत नवं जनुक घालण्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वाहन म्हणून लागतो आणि ते वाहन बनवणं अतिशय महाग असतं. इथे ते लागत नाही. तरीही भारतात कार-टी बनलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते ते सुरू झालं. स्वच्छ खोली, पेशी वाढवणारे हात, गुणवत्ता तपासणारी माणसं, गोठवलेली साखळी, हे सगळं आपल्या राज्यात आहे. विषाणूविरोधी टी-पेशी त्याहून सोप्या आहेत. त्या बनत नाहीत याला कौशल्याची उणीव हे कारण देता येणार नाही.

आता या उपचाराची बाजू मांडणारे सहसा जे टाळतात ते आधी सांगतो. सुरुवातीचे आकडे डोळे दिपवणारे होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, बँकेतल्या परक्या दात्यांच्या पेशी दिलेल्या ५० रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना गुण आला. २०१७ मध्ये पाच विषाणूंविरुद्ध एकत्र बनवलेल्या पेशींनी ३८ रुग्णांत ९२ टक्के प्रतिसाद दाखवला. मात्र या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. रुग्णांना विषाणूविरोधी औषधंही चालू होती आणि बोन मॅरो नव्यानं रुजल्यावर त्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीही परतत होती. नंतर पोझोल्युसेल नावाच्या, सहा विषाणूंविरुद्धच्या पेशींच्या तीन मोठ्या तुलनात्मक चाचण्या झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या तिन्ही थांबवाव्या लागल्या, कारण उद्दिष्ट गाठलं जाण्याची शक्यता दिसत नव्हती. दुसऱ्या बाजूला टॅबेलेक्ल्युसेल या ईबीव्हीविरोधी पेशींना डिसेंबर २०२२ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. आधीचा उपचार निष्फळ ठरलेल्या पीटीएलडीच्या ४३ रुग्णांत त्यांचा प्रतिसाद ५१ टक्के होता. अशा रुग्णांकडे फार पर्याय उरलेले नसतात, म्हणून त्या ५१ टक्क्यांचं मोल मोठं.

या दोन निकालांतून मी असा अर्थ काढतो की हा उपचार सरसकट सगळ्यांना प्रतिबंध म्हणून देण्याचा नाही. ज्याचा विषाणू औषधाला जुमानत नाही आणि ज्याच्या स्वतःच्या टी-पेशी उभ्याच राहत नाहीत, त्याच्यासाठी तो आहे. त्या रुग्णाला ओळखायचं तर मोजमाप हवं. आठवड्यामागून आठवडे घेतलेले विषाणूचे आकडे नसतील तर ‘औषध लागू पडत नाही’ हे वाक्य कुणी कशाच्या आधारावर लिहायचं?

इथे खानदेशचा प्रश्न सुरू होतो.

प्रत्यारोपण होतं मुंबईत, पुण्यात, नाशिकला, संभाजीनगरला. नंदुरबार-नवापूरकडची मंडळी सुरतेलाही जातात. पहिले काही महिने रुग्ण त्या शहरात खोली घेऊन राहतो, मग घरी येतो. बीकेचा धोका मात्र दोन वर्षं असतो. रक्तातला बीके पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी मोजावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. आकडा मिलिलिटरला १,००० प्रतींच्या वर दोन-तीन आठवडे टिकला, किंवा एकदाच १०,०००च्या वर गेला, तर औषधं कमी करायला घ्यायची. धडगावच्या माणसानं यासाठी दर महिन्याला मुंबई गाठायची? दोन दिवसांची मजुरी, दोघांचं भाडं, तपासणीचे पैसे. तीन-चार खेपांनंतर बरं वाटत असलेला माणूस जाणं बंद करतो आणि त्याला दोष देता येत नाही. बीके दुखत नाही, खुपत नाही. क्रिएटिनिन वाढून ते कळतं तेव्हा मूत्रपिंडाचा काही भाग गेलेला असतो.

तालुक्याच्या दवाखान्यात चुका होतात त्याही मोजमापाअभावीच. प्रत्यारोपणाचा रुग्ण जुलाब घेऊन येतो. सलाइन आणि प्रतिजैविक मिळतं. जुलाब सीएमव्हीचे असू शकतात, शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते आणि मूत्रपिंडाला त्याचाही त्रास होतो. दुसरा रुग्ण ताप आणि मानेतल्या गाठी घेऊन येतो. आपल्याकडे अशा गाठी बहुतेक वेळा क्षयाच्याच निघतात, म्हणून गाठीचा तुकडा तपासणीला न काढताच क्षयाची औषधं सुरू होतात. त्यातलं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी झपाट्यानं पाडतं आणि मूत्रपिंड नाकारलं जाण्याच्या काठावर येतं. गाठ ईबीव्हीची असेल तर मधले दोन महिने वाया गेलेले असतात. हे तालुक्याच्या डॉक्टरांच्या बुद्धीचं अपयश मानणं अन्याय आहे. त्यांच्या हाताशी आकडा नसतो.

आणि आकडा देणारं यंत्र जिल्ह्यात आहे. कोरोनाच्या काळात जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आरटी-पीसीआरची सोय उभी राहिली. यंत्र तेच, तंत्रज्ञ तेच. बदलायचं ते किट आणि शिस्त. कोरोनात ‘आहे की नाही’ एवढंच पाहायचं होतं, इथे ‘किती’ ते सांगायचं आहे. त्यासाठी ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांची मोजपट्टी दर खेपेला लावावी लागते आणि निकाल जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाशी जुळवलेल्या आंतरराष्ट्रीय एककांत द्यावा लागतो. सीएमव्हीसाठी हे प्रमाण २०१० पासून उपलब्ध आहे. एकदा प्लाझ्मावर (पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवावर) आणि एकदा पूर्ण रक्तावर तपासणी केली तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. आकडा तिप्पट झाला किंवा एक-तृतीयांशावर आला तरच तो खरा बदल धरायचा, त्याहून लहान चढउतार यंत्राचेही असतात.

नमुन्याचीही काळजी हवी. रक्त जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीएच्या नळीत घ्यायचं आणि २४ तासांच्या आत फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा नळी मोटारसायकलच्या डिकीत फिरली तर तो नमुना फेकूनच द्यावा. उलट, कुणी काळजीपोटी अख्खं रक्तच गोठवलं तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्यातला विषाणूचा डीएनए प्लाझ्मात उतरतो आणि आकडा खोटा फुगतो. ही चूक वरचेवर होते, कारण गार ठेवणं म्हणजे जपणं असं आपल्याला वाटतं.

काही जण म्हणतील, मग पेशींची प्रयोगशाळाच जळगावात का नको? माझा याला विरोध आहे. स्वच्छ खोली रिकामी असली तरी हवा गाळत राहावी लागते, जंतूंची मोजणी करत राहावी लागते, प्रशिक्षित माणसं पगारावर ठेवावी लागतात. वर्षाला तीन-चार खेपा करणाऱ्या हातांना सफाई येत नाही. प्रत्येक खेप सोडण्यापूर्वी निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन, जिवंत पेशींचं प्रमाण, एचएलए (पेशींवरची आपलं-परकं सांगणारी खूण) ओळख आणि परक्या पेशींवर हल्ला करण्याची वृत्ती, एवढं सगळं तपासावं लागतं. हे मुंबईतच होऊ द्यावं. पेशी उणे १५० अंशांखाली, द्रव नायट्रोजनच्या वाफेत राहतात आणि ड्राय शिपरमधून कुठेही नेता येतात. यात आपल्याला परकं वाटावं असं काही नाही. कृत्रिम रेतनासाठी गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नायट्रोजनचा कॅन कित्येक वर्षं भरला जातोच आहे.

बँक सार्वजनिक हवी, याचं मोठं कारण एचएलए. परक्या दात्याच्या पेशी रुग्णाशी पूर्ण जुळाव्या लागत नाहीत. पण दात्याच्या पेशी ज्या एचएलए प्रकाराच्या आधारानं विषाणू ओळखतात, तो प्रकार रुग्णाकडे असावाच लागतो. तो नसेल तर पेशी शेजारी उभ्या राहतील आणि त्यांना विषाणू दिसणार नाही. युरोप-अमेरिकेतल्या बँका तिथल्या लोकांचे एचएलए पाहून भरल्या आहेत. आपल्याकडे जातीत आणि जमातीत लग्नं होत आल्यानं एचएलएचं वाटप समाजागणिक बदलतं. भिल्ल आणि पावरा रुग्णांसाठी त्याच समाजांतले दाते बँकेत हवेत. बाहेरून डबा विकत आणून हा प्रश्न सुटणार नाही, आणि नफ्यावर चालणारी बँक सातपुड्यातल्या दात्यांपर्यंत आपणहून पोचेल असं मला वाटत नाही.

नंदुरबारचा आणखी एक हक्क यात आहे. सिकलसेलचं ओझं या जिल्ह्यावर मोठं आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तपासणी वाढली, ते चांगलंच झालं. पण रुजलेला आजार मुळातून काढायचा तर आज प्रामुख्यानं बोन मॅरो प्रत्यारोपणाचीच वाट आहे. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून निम्म्या जुळणाऱ्या आई-बापाकडून प्रत्यारोपण करण्याकडे कल वाढतो आहे. त्यात टी-पेशी जास्त दाबाव्या लागतात आणि विषाणू जागे होण्याचा धोकाही तेवढाच वाढतो. अशा मुलांसाठी एक स्वस्त तरतूद आजच करता येईल. दात्याला जी-सीएसएफची (मॅरोतल्या पेशी रक्तात उतरवणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं देण्यापूर्वी त्याच्या थोड्या पांढऱ्या पेशी काढून गोठवून ठेवाव्यात. इंजेक्शनांनंतर काढलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन कमी सोडतात, म्हणून आधी. पुढे विषाणू उठला तर बापाला अक्कलकुव्याहून पुन्हा बोलवावं लागणार नाही आणि पकडायच्या पेशी हाताशी असतील.

मूत्रपिंडाच्या रुग्णांत अडचण वेगळी आहे, ती लपवू नये. बोन मॅरोच्या रुग्णाची दाबऔषधं पुढे बंद होतात, मूत्रपिंडाच्या रुग्णाची जन्मभर चालतात. दिलेल्या टी-पेशीही त्याच टॅक्रोलिमसखाली दबतात. प्रेडनिसोलोन दर किलोला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालू असेल तर पेशी देऊन उपयोग नसतो, त्या मरतात. परक्या एचएलएविरुद्ध नव्या अँटिबॉडी तयार होतात का, हेही पाहत राहावं लागतं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णासाठी शेवटचा उपाय म्हणून पेशी मागवणं हे नातेवाइकांना खोटी आशा देणं आहे. तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णांना या पेशी सध्या नोंदणीकृत चाचणीतच द्याव्यात, तेही विनामूल्य.

पैशाचा आक्षेप रास्त आहे. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना जिवाणू, बुरशी आणि क्षय यांचाही मोठा धोका असतो, आणि टी-पेशींची ही बँक त्यांच्यावर उपाय नाही. पण पीसीआरची सोय, टॅक्रोलिमसची पातळी मोजण्याची सोय आणि तालुका डॉक्टरला फोन करता येईल असा प्रत्यारोपण समन्वयक, या तीन गोष्टी त्या रुग्णांच्याही उपयोगाच्या आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. शस्त्रक्रियेला साडेचार लाख देणाऱ्या शासनानं ते मूत्रपिंड टिकवणारी दोन वर्षांची बीके तपासणी त्याच पॅकेजात घ्यायला हवी.

दात्यांच्या संमतीचं पत्रक मराठीत असून भागणार नाही. अहिराणी, भिलोरी आणि पावरीत ते वाचून दाखवावं लागेल, आणि त्यात एक वाक्य स्पष्ट असावं: या पेशी कुणा कंपनीला विकल्या जाणार नाहीत, आणि कधी परवाना दिलाच तर राज्यातल्या रुग्णाला त्या फुकट मिळतील.

पीसीआर रोज चालवायची गरज नाही. आठवड्यातून दोन वार ठरवावेत, समजा मंगळवार आणि शुक्रवार. आदल्या संध्याकाळपर्यंत उपजिल्हा रुग्णालयातून वेगळा केलेला प्लाझ्मा बर्फाच्या डब्यात जिल्ह्याला पोचावा, आणि दुसऱ्या दिवशी आकडा रुग्णाच्या मोबाइलवर आणि प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकाकडे एकाच वेळी जावा, मागच्या तीन आकड्यांसकट.